पाय आणखी वर कापण्याआधी, रक्त कुठवर पोचतंय ते बघा

डायबेटीसमुळे तुमच्या घरात कुणाच्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे शेवटपर्यंत वाचा. वडलांचं बोट काढलं असेल. आईच्या तळव्यातला पू काढला असेल. काकांचा अर्धा चवडा गेला असेल. आता पट्टी बांधली आहे, अँटिबायोटिक सुरू आहे, शुगर खाली येतेय. नातेवाईक नारळपाणी घेऊन भेटून गेलेत आणि घरात सगळे म्हणताहेत, 'सुटलो एकदाचे!'

अजून सुटलेला नाहीत. उरलेल्या पायाला पुरेसं रक्त पोचतंय का, हे कुणी तपासलंय का? तेवढं विचारा. उद्याच्या ड्रेसिंगला विचारा. डिस्चार्जच्या कागदावर त्याबद्दल काही लिहिलंय का, ते आज रात्रीच काढून बघा.

मी रोज असे पाय बघते. ऑपरेशन नीट झालेलं असतं. काप स्वच्छ असतो, टाके जागच्या जागी असतात. आठ-दहा दिवसांनी टाक्यांच्या कडेला जांभळी रेघ दिसायला लागते. मग ती काळी पडते. मग घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात, 'अजून थोडं वर घ्यावं लागेल.' बोटानंतर चवडा. चवड्यानंतर गुडघ्याखाली. दर वेळी दोष शुगरला दिला जातो, नाहीतर पेशंटने चोरून खाल्लेल्या आंब्याला. शुगरचा वाटा असतोच. पण पुष्कळदा गोष्ट एवढीच असते, की त्या टाक्यांपर्यंत रक्तच पोचत नव्हतं आणि ते कुणी बघितलं नव्हतं.

यात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणा असतो असं नाही. पेशंट येतो तोच रात्री दोन वाजता, पाय सुजून लाल, अंगात ताप, शुगर चारशेच्या वर. अशा वेळी पू आधी काढायचा असतो आणि सर्जन तेच करतात. रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी ते ऑपरेशन थांबवून ठेवणं चुकीचंच ठरेल. म्हणून तपासणी 'नंतर बघू' म्हणून मागे राहते. मग वॉर्ड बदलतो. डॉक्टरांची ड्युटी बदलते. डिस्चार्ज मिळतो. गाव लांब असतं, एसटी दोनच असतात. गावातला कंपाउंडर पट्टी बदलत राहतो आणि ते 'नंतर' कधी येतच नाही.

ते 'नंतर' तुम्ही आणा. ऑपरेशन झालेल्या माणसाला हे सुचणार नाही. तो दमलेला असतो, घाबरलेला असतो, आपल्यामुळे पोराचे पैसे चाललेत म्हणून गप्प असतो. त्याच्या वतीने तुम्ही बोला. डॉक्टरांना उलट प्रश्न कसा विचारायचा, असं मनात आणू नका. नम्रपणे एवढंच म्हणा: 'डॉक्टर, जखम भरण्याइतकं रक्त पायाच्या बोटांपर्यंत पोचतंय का? ते कोणत्या तपासणीवरून कळलं?' चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. उलट पेशंटच्या मागे माणूस उभा आहे हे त्यांना कळतं, आणि तेही निश्चिंत होतात.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते समजून घ्या. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा हा अंदाज आहे. पायाला जखम झालेल्या डायबेटीसच्या रुग्णांची युरोपातल्या १४ केंद्रांनी मिळून पाहणी केली, तेव्हा त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद किंवा बंद निघाल्या. निम्म्यांच्या! म्हणजे ड्रेसिंगच्या रांगेत दोन माणसं बसली असतील, तर त्यातला एक हा आजार घेऊन बसलेला असू शकतो. तो तुमचा असेल तर?

आणि डायबेटीस रक्तवाहिन्या बिघडवतो त्या बहुतेक गुडघ्याखालच्या. पोटरीतून खाली जाणाऱ्या तीन बारीक धमन्यांवर त्याचा डोळा असतो. ज्यांच्याकडे पाटाच्या पाण्यावरची शेती आहे, त्यांना हे लगेच कळेल. कॅनॉलला पाणी सुटलंय, वरच्या शेतांत खळखळ वाहतंय आणि टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतंय, हे आपण दर उन्हाळ्यात बघतो. मांडीतली नाडी उड्या मारत असते, गुडघ्यामागची लागते आणि अंगठ्याला थेंब पोचत नाही. वर पाणी आहे म्हणून खालचं शिवार भिजलं, असं धरून चालू नका. टेलला जाऊन बघा.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. रक्त कमी पडलं की पाय दुखायला हवा, चालताना पोटरी भरून यायला हवी. पण डायबेटीसने पायाच्या नसाच मेलेल्या असतात, मग दुखणार काय? 'अजिबात दुखत नाही हो,' असं पेशंट हसत सांगतो. त्याचं हे हसणं मला सगळ्यांत जास्त घाबरवतं. पाय गार पडेल म्हणावं, तर तेही नाही. नसा बिघडल्याने रक्त कधीकधी कातडीखालून आडवाटेने परत फिरतं, त्यामुळे पाय हाताला कोमट आणि लालसर लागतो, पण मांस उपाशीच असतं. आणि ऑपरेशननंतर पाय सुजलेला असतो, पट्टीत गुंडाळलेला असतो, त्यामुळे नाडी बोटांना लागतही नाही. हात लावून 'गरम आहे, चांगला आहे' म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. स्वतःच्या हातावरही विसंबू नका.

मग बघायचं कसं? त्यासाठी मुंबई-पुण्यालाच धावायला हवं असं नाही. पहिली तपासणी साधी आहे. पेनएवढा डॉप्लर असतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे थोडी जेल लावतात आणि त्याचं टोक टेकवतात. मग तसंच पावलाच्या वरच्या बाजूला. छोट्या स्पीकरमधून धमनीचा आवाज येतो. चांगल्या धमनीत एका ठोक्याला तीन आवाज असतात, एक ठसठशीत आणि त्यामागोमाग दोन बारीक. अरुंद झालेल्या धमनीत एकच लांब, दबका 'हूऽऽश' येतो. कधी काहीच येत नाही. खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू येतं, पेशंटलाही. तुम्ही जवळ उभे राहा. ऐका. दोन्ही पायांचं ऐका, म्हणजे फरक कळेल.

त्याच वेळी घोट्याला बीपीचा पट्टा बांधून तिथला दाब मोजतात आणि दंडाच्या दाबाशी ताडून बघतात. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिन्या अरुंद आहेत, असं समजतात. पण इथे सावध राहा. डायबेटीसमध्ये धमन्यांच्या भिंतीत चुना बसतो, त्या कडक होतात आणि पट्ट्याने दबतच नाहीत. मग आकडा १.३, १.४ असा भरघोस येतो आणि कागदावर सगळं छान दिसतं. असा आकडा बघून खूश होऊ नका. 'मग अंगठ्याचा दाब बघता का?' असं विचारा. पायाच्या बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. बोटाला अंगठीएवढा पट्टा बांधून हा दाब मोजतात. तो ३० च्या खाली असेल, तर पुढची तपासणी पुढच्या महिन्यावर टाकायची नाही. जगभरचे तज्ज्ञ अशा पायाची अँजिओग्राफी तातडीने करायला सांगतात. अंगठाच काढून टाकलेला असेल तर शेजारच्या बोटाचा दाब घेता येतो, किंवा कातडीवर सेन्सर चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजता येतो.

यानंतर कलर डॉप्लर. ही सोनोग्राफीच आहे, तालुक्याच्या गावातही बऱ्याच ठिकाणी होते. सुई नाही, किरण नाहीत. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गुडघ्यापर्यंत बघून थांबू नका, पावलापर्यंत बघा. मांडीपर्यंतचा 'नॉर्मल' रिपोर्ट डायबेटीसच्या पायाला पुरत नाही. रिपोर्ट हातात आला की त्यात हे शब्द शोधा. 'ट्रायफेजिक' म्हणजे प्रवाह चांगला. 'मोनोफेजिक' म्हणजे वर कुठेतरी अडलंय. खालच्या धमन्यांपुढे 'मोनोफेजिक' किंवा 'नो फ्लो' लिहिलेलं दिसलं तर तो कागद फाइलमध्ये पुरून ठेवू नका. त्याच दिवशी सर्जनना दाखवा आणि विचारा, 'व्हॅस्क्युलर सर्जनकडे जायचं का?'

अडथळा नेमका कुठे आहे आणि तो उघडता येईल का, हे अँजिओग्राफीत कळतं. सीटी अँजिओग्राफी असते, एमआर अँजिओग्राफी असते, आणि जांघेतून बारीक नळी घालून केलेली अँजिओग्राफी असते, जिच्यात त्याच बैठकीत बलूनही टाकता येतो. हृदयाची अँजिओग्राफी आता आपल्याकडे शेजारच्या काकूही समजावून सांगतात. पायाचीही तशीच असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सीटीच्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनीनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर न विसरता सांगा. किडनी अधू असेल तरी 'आता काही करता येणार नाही' असं मानू नका. मार्ग निघतात, डॉक्टरांनाच विचारा.

मोठ्या रुग्णालयांत आता आणखी एक तपासणी दिसते. हाताच्या शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग देतात आणि पायावर खास कॅमेरा धरतात. पडद्यावर पाय आधी काळाच असतो. बघता बघता टाचेकडून उजळायला लागतो, चवडा उजळतो, टाक्यांची एक कड उजळते आणि दुसरी काळीच राहते. कातडीचा कोणता भाग तगेल आणि कोणता धोक्यात आहे, हे तिथल्या तिथे दिसतं. हा रंग यकृतातून बाहेर पडतो, किडनीवर त्याचा भार नाही. आयोडीनची अॅलर्जी असेल तर मात्र आधी सांगायला हवं. तुमच्या रुग्णालयात ही सोय असेल तर जरूर विचारा. नसेल तर तिच्यामागे धावत आठवडा घालवू नका. हा कॅमेरा वरवरचं बघतो, आत धमनी कुठे बंद आहे ते सांगत नाही. माझ्या मते आज करून घेतलेला साधा कलर डॉप्लर पुढच्या महिन्यात मिळणाऱ्या भारी कॅमेऱ्यापेक्षा पायाच्या जास्त कामाचा आहे.

आणि घोट्यामागची आणि पावलावरची अशा दोन्ही धमन्यांची नाडी स्पष्ट लागते, डॉप्लरचा आवाज तिहेरी आहे, जखम दर आठवड्याला लहान होतेय, असं डॉक्टर सांगत असतील, तर उगीच मोठ्या तपासण्यांचा हट्ट धरू नका. तुमचा पैसा वाचवा, पाय झाकून ठेवा, ड्रेसिंग चुकवू नका. पण नीट ड्रेसिंग होऊन, पायावर भार न देऊनही चार-सहा आठवड्यांत जखम हलत नसेल, तर आधीच्या तपासण्या कितीही बऱ्या आलेल्या असोत, रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायची का, हे पुन्हा विचारा. सहा आठवडे पुष्कळ झाले. सहा महिने वाट बघू नका.

अडलेली धमनी उघडता येते, हे आता नवीन राहिलेलं नाही. १६ जानेवारी १९६४ या दिवशी अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली धमनी आतून रुंद केली. बाईंच्या पायाला गँगरीन झालेलं. सर्जन म्हणत होते पाय काढा, बाई म्हणत होत्या काढू देणार नाही. डॉटरांनी अँजिओग्राफीत अडथळा बघितला आणि तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या त्यातून सरकवल्या. पाय पुन्हा गरम झाला, जखम भरली, आणि त्या बाई पुढे दोन-अडीच वर्षांनी वारल्या त्या स्वतःच्या दोन पायांवर चालत असतानाच. याला साठ वर्षं उलटून गेली. आणि आज आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसाचा पाय, धमनीकडे एकदाही न बघता कापला जावा? हे चालवून घेऊ नका.

धमनी उघडली की काम संपलं, असंही समजू नका. बलूननंतर कातडीतला ऑक्सिजन एका दिवसात वर जात नाही. तो हळूहळू तीन-चार आठवडे वाढत राहतो. म्हणून राहिलेलं बोट काढायची घाई करावी की थांबावं, हे डॉक्टरांना पुन्हा मोजून ठरवू द्या. मात्र पू असेल तर थांबायचं नसतं. आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्या उघडल्या तरी त्यातल्या बऱ्याच काही महिन्यांत परत अरुंद होतात. जखम भरत भरत अचानक थबकली, तर हेच झालेलं असू शकतं. पुन्हा डॉप्लर करा. पुन्हा विचारा. कंटाळू नका.

पैशांचं काय, हे तुमच्या मनात आलं असेल. येणारच. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन तिथे जा आणि पायाच्या अँजिओप्लास्टीला, बायपासला मंजुरी मिळेल का ते सरळ विचारा. गोव्यात असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढा. आणि हिशेब करायचाच असेल तर पुरा करा. मांडीपासून पाय गेलेला माणूस चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली कसा उतरणार? पहाटे पाण्याची पाळी आली तर शेतात कोण जाणार? त्याला उचलायला घरातलं एक माणूस कायमचं घरी बसेल. बहुतेक वेळा ती सून असते नाहीतर मुलगी, आणि तिची नोकरी किंवा तिचं कॉलेज जातं. घोट्याच्या वरून पाय गेलेल्या डायबेटीसच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षांच्या आत दगावतात. पाय वाचवणं म्हणजे माणूस वाचवणं.

तोपर्यंत घरी एवढं पाळा. पायाला शेक देऊ नका; गरम पाण्याची पिशवी नको, वीट तापवून नको, शेगडीजवळ पाय धरणं नको. ज्या पायाला कळत नाही तो भाजतो आणि भाजलेलं भरायला तर आणखी रक्त लागतं. हळद, चुना, झाडपाल्याचा लेप जखमेत भरू नका. विडी, सिगारेट, तंबाखू आजपासून बंद. आईची मिशरीही बंद. ती 'सवय आहे गं' म्हणेल, तरी बंद. देवाला अनवाणी जायचा नवस असेल तर देवाला समजेल, चपला घालू द्या.

आणि घरातल्या बायकांचे पाय स्वतः बघा. त्या सांगत नाहीत. गौरी-गणपती होऊ दे, लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग दाखवू, म्हणत साडीच्या काठाखाली जखम लपवून स्वयंपाकघरात उभ्या राहतात. ऑपरेशन झालं तरी चौथ्या दिवशी ओट्यापाशी जातात. मुलांनो, सुनांनो, जावयांनो, आज संध्याकाळी त्यांना पलंगावर बसवा, दिवा जवळ घ्या, पट्टीच्या कडा बघा, बोटांच्या बेचक्या बघा, टाच बघा. दुसरा पायही बघा. एका पायाच्या धमन्या बिघडल्या असतील तर दुसऱ्याच्या चांगल्या असतील याची खात्री नाही.

बघताना टाक्यांच्या कडेला काळेपणा दिसला, बोट निळसर किंवा पांढरं पडलेलं दिसलं, पाय एकाएकी गार लागला, पट्टीला वास आला, लाली घोट्याच्या वर चढताना दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. शेजाऱ्याला उठवा. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. जिथे सर्जन आणि डॉप्लर दोन्ही आहेत अशा रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: 'डायबेटीस आहे, पायाचं ऑपरेशन झालंय, पायाचं रक्त अजून तपासलेलं नाही.' कुणी पाय वर घ्यायच्या संमतीचा कागद पुढे केला आणि जिवावर बेतलेलं नसेल, तर सही करण्याआधी विचारा की अँजिओग्राफी झाली का, आणि नसेल झाली तर ती करायला किती वेळ लागेल. जीव धोक्यात आहे असं डॉक्टर म्हणाले तर लगेच सही करा, आणि उरलेल्या पायाचा तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला पुन्हा विचारा.